जडवस्तू क्रमांक २१४ यांच्या नावाबाबत

प्रति,
माननीय विभागीय शिक्षण संचालक,
विभागीय शिक्षण कार्यालय,
कुंबुकदेणिय.

अर्जदार: श्रीमती तमरा वेगोडपोल, विज्ञान शिक्षिका, धर्मदीप विद्यालय, कुंबुकदेणिय.

विषय: विद्यालयाचे माजी विद्यार्थी व प्रयोगशाळा परिचर दिवंगत एच. एम. सुमनपाल यांनी मृत्युपत्राने विद्यालयाला दिलेला स्वतःचा अस्थिसांगाडा दि. २२ मार्च रोजी निकामी सामानाबरोबर जाळला जाऊ नये व त्याची नोंद त्यांच्या नावाने व्हावी, याबाबत.

संदर्भ: १) माझे अर्ज दि. १४ जानेवारी, ३० जानेवारी व १८ फेब्रुवारी २०१९.
२) आपल्या भांडार शाखेची व आस्थापना शाखेची पत्रे, एकूण चार.

महोदय,

१. हा माझा चौथा अर्ज आहे. आधीचे तीन अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर गेले आणि प्रत्येक टेबलाने त्यातला आपल्यापुरता भाग वाचला. म्हणून या वेळी सगळी हकिकत एकाच कागदावर पहिल्यापासून लिहीत आहे. ती लांबली आहे याची मला जाणीव आहे. परंतु आजपासून अठरा दिवसांनी विद्यालयाच्या मैदानावर मोडक्या बाकांच्या ढिगात एक माणूस जाळला जाणार आहे आणि तो जाळल्याच्या दाखल्यावर ज्या तीन सह्या लागतात, त्यांपैकी एक माझी आहे.

२. सुमनपाल यांचा जन्म १९४१ चा. ते याच विद्यालयात शिकले. शालान्त परीक्षेत गणितात दोनदा नापास झाल्यावर १९६१ साली इथेच परिचर म्हणून लागले. २००१ साली निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी हजर झाले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना विचारले, "सुमनपाल, काल तुम्हाला निरोप दिला ना?" ते म्हणाले, "दिलात, सर. भाषण छान झालं. पण तिसऱ्या टेबलाची गॅसची नळी गळतेय." त्यानंतर तेरा वर्षे, ११ जून २०१४ रोजी वारले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत, ते पगाराशिवाय येत राहिले. त्यांनी लग्न केले नव्हते. धाकटी बहीण पोडिमेणिके त्यांच्याजवळ राहत असे. ती त्यांना अय्या, म्हणजे थोरला भाऊ, म्हणून हाक मारी. तेच नाव शाळेत रूढ झाले आणि पुढे मुख्याध्यापकही तेच वापरू लागले.

१९८८ पर्यंत प्रयोगशाळेत नळ नव्हता. विहिरीपासून प्रयोगशाळेपर्यंत चौसष्ट पायऱ्या आहेत. रोज सकाळी मुले येण्याच्या आत अय्या कावडीने पाणी आणून ठेवत, सहाही खिडक्या उघडत आणि फळा ओल्या फडक्याने पुसत. १९७५ ते १९७७ विद्यार्थिनी म्हणून आणि १९८६ पासून शिक्षिका म्हणून मी ते पाणी वापरले. ते कधी कमी पडल्याचे मला आठवत नाही.

३. विद्यालयात पूर्वी एक सांगाडा होता. तो खऱ्या हाडांचा होता, साठएक वर्षांपूर्वी कुठूनतरी विकत घेतलेला. जडवस्तू नोंदवहीत त्याचा क्रमांक २१४. सन २०१३ च्या वार्षिक पडताळणीत तो निकामी ठरून निर्लेखित झाला, कारण दोन्ही पावले गेली होती आणि बरगड्या तारेने बांधलेल्या होत्या. शेरा पडला: ‘जाळून नष्ट करावा.’

अय्यांनी तो जाळला नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळून सायकलला बांधून स्मशानात नेला, विहाराच्या नायक भिक्खूंना बोलावून रीतसर पुरला आणि सातव्या दिवशी घरी भिक्खूंना भोजनदान दिले. मी तिथे होते. पुण्यदानासाठी झारीतले पाणी वाडग्यात ओतायची वेळ आली तेव्हा नायक भिक्खूंनी विचारले, "हे पुण्य कोणाला द्यायचं? नाव सांग." अय्यांना नाव सांगता येईना. झारी धरलेला हात तसाच थांबला. मग ते म्हणाले, "शाळेतल्या गुरूला."

परत येताना ते मला म्हणाले, "साठ वर्षं ज्यानं मुलांना शिकवलं त्याचं नाव एकालाही माहीत नाही, मिस. बाई होती की पुरुष, एवढं तरी कधी सांगितलं का आपण?"

मी म्हणाले, "कटीच्या हाडावरून पुरुष होता."

"बघा," ते म्हणाले, "मी विचारलं तेव्हा आठवलं तुम्हाला."

सांगाडा जाळला गेला नाही म्हणून जाळल्याचा दाखला कोणी लिहिला नाही. नोंदवहीत क्रमांक २१४ पुढे शेरा राहिला आणि वस्तू राहिली नाही. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

४. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अय्यांनी फणसाच्या लाकडाचे एक उभे, काचेच्या दाराचे कपाट स्वतः बनवले. एका दुपारी मी प्रयोगशाळेत आले तेव्हा ते त्या कपाटात उभे होते.

"बरं झालं आलात, मिस. मीटरपट्टी घ्या आणि उंची सांगा."

मी पट्टी लावली. एकशे बासष्ट सेंटिमीटर.

"वर हुकासाठी किती सोडावं लागेल?"

"कसला हुक?"

"येणाऱ्या वस्तूसाठी. सांगाडा सांगून ठेवलाय. वेळ लागेल म्हणतात."

मग त्यांनी दार लावून घेतले आणि आतून विचारले, "मागच्या बाकावरून नीट दिसतंय का?" मी मागच्या बाकापर्यंत गेले, बसले, पाहिले आणि नीट दिसते असे सांगितले. ते हात जरा बाजूला घेऊन उभे राहिले होते, तळवे पुढे करून, तक्त्यावरच्या चित्रात असतात तसे. मी हसले. तेही हसले असावेत. काचेवर उजेड पडल्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

महोदय, त्या दिवशी मी काय मोजले हे मला सव्वातीन वर्षांनी समजले. आता ते एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर भरतात. सांध्यांतली कूर्चा गेली की इतका फरक पडतो.

५. अय्यांनी देह वैद्यकीय विद्याशाखेला दिला होता आणि अभ्यास संपल्यावर हाडे जोडून विद्यालयाला द्यावीत असे लिहून ठेवले होते. मृत्युपत्र दीड पानाचे आहे. त्यातली दोन वाक्ये उतरवते: ‘शाळेला देण्यासारखे माझ्याजवळ दुसरे काही नाही. आणि मुलांना माझे नाव माहीत आहे.’

२० फेब्रुवारी २०१७ रोजी पेटी आली. सोबत विद्याशाखेचे प्रमाणपत्र होते. पेटी मी उघडली. माझ्यासोबत अकरावीच्या दोन मुली होत्या. त्यांनी आधी पेटीला वाकून नमस्कार केला आणि मग स्क्रू काढले.

नवीन वस्तूची नवीन नोंद व्हायला हवी होती. मुख्याध्यापक श्री. सोमतिलक म्हणाले, "नवा क्रमांक म्हटला की सात कागद, मिस. दोनशे चौदा रिकामाच पडलाय. सांगाड्याच्या जागी सांगाडा. द्या बांधून." त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडच्या सर्वच शाळांत असेच करतात. मोडक्या कपाटाचा क्रमांक नव्या कपाटाला लावतात, मेलेल्या पंख्याचा नव्या पंख्याला. क्रमांक २१४ ची पितळी चकती मी स्वतःच्या हाताने अय्यांच्या उजव्या मनगटाला बांधली. क्रमांकाबरोबर त्याच्यापुढचा शेराही येतो, हे माझ्या ध्यानात आले नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी मुख्याध्यापकांवर ढकलू इच्छित नाही.

६. ९ जानेवारी रोजी वार्षिक पडताळणी समिती आली. समितीतले भांडार अधिकारी श्री. मडुगल्ल यांनी बॉलपेनच्या टोकाने बरगड्यांवर टकटक केले आणि विचारले, "खरा की प्लास्टिकचा?"

"खरा."

"मग प्लास्टिकचा का घेत नाही? त्याला वाळवी लागत नाही आणि त्याचं भूत होत नाही."

मी म्हणाले, "हे सुमनपाल अय्या आहेत."

श्री. मडुगल्ल आमच्याच विद्यालयाचे १९९४ सालचे विद्यार्थी. त्यांनी पेन खिशात ठेवले. बाहेर व्हरांड्यात जाऊन काही वेळ मैदानाकडे पाहत उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या पायांत बूट नव्हते, दाराशी काढून ठेवले होते. ते अगदी हळू म्हणाले, "मला यांनी दोनदा जेवायला घातलंय, मिस. डबा आणला नव्हता तेव्हा." मग त्यांनी यादी उघडली आणि लिहिले: ‘क्र. २१४, सन २०१३ मध्ये निर्लेखित, अद्याप जागेवर. दि. २२ मार्च रोजी अन्य निकामी सामानासह जाळावा.’

मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "शेरा माझ्या आधीचा आहे, मिस. तो खोडायचा अधिकार मला नाही." आणि मोज्यांवरच बाहेर गेले.

७. यानंतर मी केलेल्या तीन अर्जांवर आपल्या कार्यालयाने जे कळवले ते क्रमाने देते. उपहासाचा हेतू नाही. मी केवळ नोंद करीत आहे.

पहिल्या अर्जात मी लिहिले की ही वस्तू जुना सांगाडा नसून श्री. सुमनपाल, माजी परिचर, आहेत. अर्जात कर्मचाऱ्याचे नाव व पद आल्याने तो भांडार शाखेने आस्थापना शाखेकडे पाठवला. आस्थापना शाखेने विचारले की सन २००१ मध्ये निवृत्त झालेले परिचर शालेय वेळेत कोणाच्या परवानगीने प्रयोगशाळेत थांबत आहेत, आणि चालू वर्षातील त्यांच्या उपस्थितीचा तपशील सादर करावा.

दुसऱ्या अर्जासोबत मी मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आले की मयत कर्मचारी आस्थापनेवर राहू शकत नाही, सबब प्रकरण भांडार शाखेकडे परत करण्यात येत आहे. तथापि उपस्थितीचा तपशील अप्राप्त असल्याने तो शीघ्र पाठवावा.

भांडार शाखेने कळवले की वस्तू देणगी असल्यास देणगीपत्रावर दात्याची सही हवी व दाता हस्तांतराच्या वेळी स्वतः हजर असावा. दाता हजर होता, महोदय. मी स्वतः पेटी उघडली आहे.

उपस्थितीच्या तपशिलाबाबत मी तिसऱ्या अर्जात काही लिहिले नव्हते, कारण काय लिहावे हे कळत नव्हते. तो दोनदा मागितला गेला असल्याने आता माझ्या वहीतून देत आहे. अय्या वारल्यापासून सकाळी प्रयोगशाळा मी उघडते. किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे असते. ५ फेब्रुवारी, १३ फेब्रुवारी व २७ फेब्रुवारी या तीन दिवशी, सकाळी सहा चाळीसला मी दार उघडले तेव्हा सहाही खिडक्या उघड्या होत्या. पहिल्या दिवशी मी आदल्या दिवशीची माझीच चूक असावी असे धरले. दुसऱ्या वेळेपासून संध्याकाळी खिटी लावल्यावर प्रत्येक खिडकीपुढे वहीत खूण करू लागले. २६ फेब्रुवारीच्या सहा खुणा वहीत आहेत. पहारेकऱ्याला विचारले. तो म्हणाला, "मी त्या खोलीत जात नाही, मिस. पगार दिलात तरी नाही." २७ तारखेला फळाही पुसलेला होता. मी हात लावून पाहिले. ओला होता.

खालचा जबडा सकाळी साडेदहाच्या सुमारास आपोआप उघडतो, त्याचे कारण मला ठाऊक आहे: काचेवर ऊन आले की स्प्रिंग सैल पडते. मी तापमान घेतले आहे. खिडक्यांचे कारण मला ठाऊक नाही. हा अर्ज मी त्या आधारावर करीत नाही. तपशील मागितला म्हणून दिला.

प्रात्यक्षिक चालू असताना मी अजूनही मागे न पाहता "अय्या, पाणी" असे म्हणते. तेहेतीस वर्षांची सवय आहे. मुले आता हसत नाहीत. त्यातले कोणीतरी उठते आणि पाणी आणते. जाताना काचेच्या बाजूने जाते, विरुद्ध बाजूने कधी जात नाही.

८. आपल्या दि. २५ फेब्रुवारीच्या पत्रात एक नवीन मुद्दा आहे. समितीने भिंतीवरच्या तक्त्यावरून हाडे मोजली असता डाव्या हाताच्या अनामिकेचे शेवटचे हाड कमी आढळले. ‘सदर हाड कोणाच्या ताब्यात असताना गहाळ झाले, जबाबदार व्यक्तीचे नाव कळवावे.’

जबाबदार व्यक्तीचे नाव तमरा वेगोडपोल.

घटना १९७७ च्या जुलैमधली आहे. मी अठरा वर्षांची होते. सोडियमचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा कापून पाण्यात टाकायचा होता. मला हुशार म्हणत असत आणि दाण्याएवढ्या तुकड्याने मागच्या बाकांना काही दिसत नाही असे मला वाटले. मी सुपारीएवढा टाकला. अय्यांनी तो माझ्या चिमट्यातून सुटताना पाहिला. पाण्याचे काचपात्र माझ्यापासून दूर ओढायला त्यांनी डावा हात घातला तेवढ्यात ते फुटले. माझ्या अंगावर पाण्याचे चार थेंब आले. त्यांच्या बोटाचे टोक रुग्णालयात काढावे लागले.

मुख्याध्यापकांनी चौकशी केली तेव्हा अय्या म्हणाले, "तुकडा मी कापला. चष्मा घरी राहिला होता." त्यांना चष्मा नव्हताच. तो लागला पुढे अकरा वर्षांनी. मी तिथेच उभी होते आणि मी काही बोलले नाही. त्या वर्षी मला विद्यापीठात जायचे होते. त्यांच्या सेवापुस्तिकेत शेरा पडला: ‘रसायने हाताळण्यात निष्काळजी.’ तो शेरा आजही तेथे आहे. त्यांनी मला याबद्दल एकदाच काही म्हटले, १९८६ साली, मी शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या दिवशी. म्हणाले, "सोडियमच्या बाटलीची किल्ली आता तुमच्याकडे, मिस. मी नाही देणार कोणाला."

बेचाळीस वर्षे झाली. हे मी कोणाला सांगितलेले नाही. आपण लेखी विचारले म्हणून लेखी सांगत आहे.

उरलेली हाडे पुरी आहेत. त्यांच्याविषयीही लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सेवापुस्तिकेत जे नाही ते तिथे आहे. उजव्या खांद्याचे हाड डाव्यापेक्षा जाड आहे आणि त्यावर एक उथळ खाच आहे: कावड. घोट्यांच्या पुढच्या बाजूला उकिडवे बसून काम करणाऱ्याच्या खुणा आहेत: प्रयोगशाळेची फरशी. दहावीच्या वर्गाला मी ही खाच दाखवते आणि विचारते, कशाने झाली असेल. दर वर्षी एक तरी मूल बरोबर सांगते. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "मिस, त्यांना दुखत असेल का?" मी तिला म्हणाले की अस्थिरचना हळूहळू बदलते. हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. तिने विचारले होते ते हे नव्हते.

९. पोडिमेणिके आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. दर पौर्णिमेला विहारातून परतताना त्या शाळेत येतात. शाळेला सुटी असते, म्हणून मी जाऊन दार उघडते. त्या पांढरी फुले कपाटापुढे ठेवतात, स्टुलावर बसतात आणि भावाला रागावतात. मी ऐकलेले शब्द असे: "जिवंत होतास तेव्हा जेवायला कधी वेळेवर आला नाहीस. आज किरिबताचा भात केला होता, नारळाचं दूध घालून. तुला वाढायचा कुठे, इथे? या काचेवर?"

पेटी आली त्या वर्षी एकदा त्या मला म्हणाल्या, "गावात बोलतात, मिस. शाळेत जीव अडकला म्हणून सुमनपाल पुढे गेलाच नाही, प्रेतयोनीत राहिला, असं. नायक भिक्खू म्हणतात, तीन वर्षं पुण्य देतो आहोत, पोचलं असेल. मी म्हणते अडकला तर अडकला. निदान पत्ता तरी माहीत आहे."

२२ मार्चचे त्यांना सांगणे भाग होते. १९ फेब्रुवारीच्या पौर्णिमेला मी सांगितले. त्यांनी कपाटापुढची फुले नीट लावली. मग म्हणाल्या, "जाळायचाच असेल तर मला द्या. मी जाळते, नाव घेऊन, भिक्खू बोलावून. पण त्या मोडक्या खुर्च्यांबरोबर नको, मिस. आयुष्यभर त्या खुर्च्यांना खिळे मारत बसला तो." आणि उठताना काचेकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस? तू नाव राहील म्हणालास. हे घे तुझं नाव."

मी आपल्या भांडार शाखेत विचारले की सांगाडा बहिणीच्या स्वाधीन करता येईल का. सांगण्यात आले की निर्लेखित शासकीय वस्तू खाजगी व्यक्तीस लिलावाशिवाय देता येत नाही. पोडिमेणिके यांनी भावासाठी बोली लावावी असे मी त्यांना सांगू शकलेले नाही.

१०. मी ३१ मार्च रोजी साठ वर्षांची होऊन निवृत्त होत आहे. जडवस्तू नोंदवही निरंक करून सोपवल्याशिवाय मला कार्यमुक्तीचा दाखला मिळणार नाही आणि त्यावाचून निवृत्तिवेतनाचे कागद पुढे जाणार नाहीत. श्री. सोमतिलक यांनी मला समोर बसवून समजावले. त्यांचे म्हणणे प्रामाणिक आहे म्हणून देते. ते म्हणाले, "मिस, चार आठवड्यांनी तुम्ही सुटताय. मला इथे अजून सहा वर्षं काढायची आहेत. सही करा. अय्या असते तर स्वतः म्हणाले असते, करा सही, मिस, कशाला अडकता."

ते खरोखर असेच म्हणाले असते. माझ्यासाठी त्यांनी एकदा असे केलेलेच आहे. म्हणूनच मी सही करणार नाही. हे मी विचारपूर्वक लिहीत आहे आणि त्याचे परिणाम मला माहीत आहेत. दि. २२ रोजी तिसऱ्या सहीची जागा कोरी राहील. त्या दिवशी मी मैदानावर असेन. सांगाडा कपाटातून काढायचा झाल्यास हुक सोडवण्याची पद्धत मला एकटीला ठाऊक आहे आणि मी ती कोणाला दाखवणार नाही.

११. सबब माझी प्रार्थना अशी:

(अ) सन २०१३ चा शेरा जुन्या सांगाड्यापुरता होता व तो सांगाडा त्याच वर्षी रीतीने पुरला गेला, असे मान्य करून दि. २२ मार्चच्या यादीतून क्रमांक २१४ वगळावा. पुरल्याचा लेखी पुरावा नायक भिक्खूंनी दिला आहे.

(आ) १९७७ च्या शेऱ्यातून श्री. सुमनपाल यांचे नाव काढावे. त्या जागी माझे नाव घालायचे असल्यास माझी हरकत नाही. माझ्या सेवापुस्तिकेत जागा आहे, ती अगदी स्वच्छ आहे.

(इ) नोंदवहीत ‘सांगाडा, मानवी, प्रौढ, नग १’ असे न लिहिता त्यांचे नाव लिहावे. आपल्या कार्यालयाचे म्हणणे मी समजू शकते: वस्तूला नाव नसते आणि ज्याला नाव असते ती वस्तू नव्हे. या दोन्हींत बसत नाही असे एखादे काही प्रत्येक शाळेत असते, असा माझा तेहेतीस वर्षांचा अनुभव आहे. वरील (इ) शक्य नसेल आणि केवळ (अ) शक्य असेल, तर तेही मला पुरेसे नाही, हे नम्रपणे नमूद करते. नाव नसलेला एक गुरू आम्ही एकदा पुरला आहे.

यात अडचण एवढीच सांगण्यात आली की नोंदवहीतला ‘वस्तूचे वर्णन’ हा रकाना छापील आहे आणि अरुंद आहे. मी तो मोजला. त्याची रुंदी अकरा सेंटिमीटर चार मिलिमीटर आहे. ‘हेरत मुदियान्सेलागे सुमनपाल, या शाळेचे’ एवढे सर्व बारीक अक्षरात दहा सेंटिमीटरमध्ये बसते. मी पेन्सिलीने लिहून खात्री केली आहे. अनधिकृत नोंद म्हणून ते पुसण्याची सूचना मुख्याध्यापकांनी काल केली. मी ते पुसलेले नाही. वही उद्या सकाळी आपल्या कार्यालयात पोचेल. तेथे तरी कोणीतरी ते शाईने गिरवावे.

आपल्या कार्यालयाचा वेळ चौथ्यांदा घेणारी,
आपली नम्र,

(सही)
तमरा वेगोडपोल
विज्ञान शिक्षिका

कुंबुकदेणिय
४ मार्च २०१९

सोबत:
१. मृत्युपत्राची प्रत (दीड पान).
२. वैद्यकीय विद्याशाखेचे प्रमाणपत्र.
३. जुना सांगाडा पुरल्याबद्दल नायक भिक्खूंचे पत्र.
४. १९७७ च्या घटनेबाबत माझे सहीचे निवेदन, तीन प्रती.
५. माझ्या वहीतील फेब्रुवारी महिन्याची पाने. (ही परत मिळावीत. मार्चची चालू आहेत.)